वही भाड्याची, पत आपली

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी भोरच्या बाजारपेठेत आजही लाल कापडी बांधणीच्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि त्याखाली 'शुभ-लाभ' लिहिले जाते. अलीकडे पाटावर त्या वहीशेजारी लॅपटॉपही मांडलेला असतो आणि हळद-कुंकवाची दोन बोटे त्यालाही लागतात. वर्षभराचा जमाखर्च, जीएसटीची बिले, उधारीची यादी हे सारे त्या यंत्रातूनच होते. लाल वहीत पूजेच्या दिवशी एक ओळ लिहिली जाते आणि ती कपाटात जाते.

पण यंत्रसुद्धा येथे निमित्तमात्र आहे. वेबवर चालणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानाचा रोजमेळ आणि खतावणी त्या लॅपटॉपमध्ये नसते. ती कोठल्यातरी शहरातील सर्व्हरवर असते. दुकानदार ती पाहण्याचे आणि तीत लिहिण्याचे मासिक अथवा वार्षिक भाडे भरतो. पूर्वी मुनीम पगारी असे आणि वही मालकाची असे. आता मुनीम, वही आणि कपाट अशी तिन्ही भाड्याची झाली आहेत. ज्याच्याकडून ही भाड्याची वही घ्यावयाची, ती कंपनी कशी चालते, तिच्यापुढे कोणते प्रश्न असतात आणि ती निर्णय कसे घेते, हे जाणून घेणे म्हणूनच व्यापारी कुटुंबाला आवश्यक झाले आहे. सावकाराची पत पाहून ठेव ठेवावी, तसाच हा व्यवहार आहे.

या धंद्याचे देशातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे झोहो. ईमेल, कागदपत्रे, हिशेब, ग्राहकांच्या नोंदी, कर्मचाऱ्यांची हजेरी असे कार्यालयाचे बहुतेक सारे काम वेबवर करून देणारी ही कंपनी. १९९६ मध्ये श्रीधर वेंबू, टोनी थॉमस आणि सहकाऱ्यांनी तिची स्थापना केली, तेव्हा तिचे नाव अॅडव्हेंटनेट होते. दूरसंचार यंत्रे बनविणाऱ्यांना जाळे-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर पुरविणे हा तिचा व्यवसाय होता. २००१ च्या सुमारास दूरसंचाराचा बाजार कोसळला आणि तिचे ग्राहक झपाट्याने घटले. एकाच प्रकारच्या ग्राहकावर विसंबण्याचा धोका कंपनीला तेव्हा कळला. २००५ मध्ये झोहो रायटर हे वेबवरचे लेखन-साधन आले, त्यामागोमाग इतर साधने आली आणि २००९ मध्ये कंपनीने झोहो हेच नाव धारण केले. २०२३ मध्ये तिने दहा कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले.

भांडवल कोणाचे?

पहिला मोठा निर्णय भांडवलाचा. झोहोने बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल घेतले नाही आणि शेअर बाजारातही ती उतरली नाही. जे कमावले त्यातूनच पुढचा विस्तार केला. व्यापारी घराण्यांना ही रीत अपरिचित नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीचाच हा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग होय. वाढ सावकाश होते, पण धंदा विकून पैसे मोकळे करण्याची घाई करणारा भागीदार घरात नसतो.

याचा अर्थ दुसरा मार्ग चुकीचा असा नव्हे. झोहोतच घडलेले गिरीश मातृभूतम् यांनी २०१० मध्ये चेन्नईत नवी कंपनी काढली. तिने बाहेरचे भांडवल घेतले आणि २२ सप्टेंबर २०२१ रोजी ती फ्रेशवर्क्स या नावाने अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. कंपनीचे भाग हाती असलेले शेकडो कर्मचारी त्या दिवशी कोट्यधीश झाले. पुण्यातही अशी उदाहरणे आहेत. २००८ मध्ये सुरू झालेली ड्रुवा कंपन्यांच्या माहितीची सुरक्षित प्रत राखते, तर २००९ ची आयसर्टिस कंपन्यांचे करारमदार सांभाळणारे सॉफ्टवेअर देते. दोघींनी गुंतवणूकदारांचे भांडवल घेऊन जगभर ग्राहक मिळविले. त्यांचे अभियंते पुण्यात बसले आणि मुख्यालये मात्र अमेरिकेत आहेत.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहता प्रश्न एवढाच की, कंपनीवर दडपण कोणाचे आहे. गुंतवणूकदाराला ठरावीक काळात परतावा हवा असतो, त्यामुळे भाडे वाढविण्याचा किंवा कंपनी विकण्याचा प्रसंग येऊ शकतो. स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीत ते दडपण नसते, पण तेथे सारे एका कुटुंबाच्या विवेकावर अवलंबून राहते. कोणता धोका पत्करावयाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

पेढी कोठे थाटावी?

दुसरा निर्णय भोर-वेल्ह्याच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. २०११ मध्ये झोहोने तामिळनाडूतील तेनकाशीजवळ मातलमपारै या खेड्यात कार्यालय सुरू केले. तेनकाशी पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आहे. ज्या पर्वतरांगेच्या कुशीत तोरण्याखालचे वेल्हे वसले, तीच रांग दक्षिणेकडे तेथवर जाते. २०१९ मध्ये वेंबू यांनी अमेरिकेतील आपला मुक्काम हलवून त्याच भागात बिऱ्हाड केले आणि तेथून जगभरचा कारभार पाहिला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच, २००५ च्या सुमारास, कंपनीने पदवीची अट न घालता बारावी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकविण्याची शाळा काढली होती. तेथे तयार झालेली मुले पुढे कंपनीतच अभियंत्यांचे काम करू लागली.

इकडे भोर आणि वेल्ह्याचे चित्र पाहावे. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या तालुक्यांना जाते, पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याला जाते, आणि त्याच उताराने तरुणही निघून जातात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. त्या तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अवघी ५५ हजारांच्या आसपास होती. पुणे शहर दोन तासांच्या आत गाठता येते, हे या भागाचे भाग्य आहे आणि तेच दुर्दैवही आहे. तेनकाशीहून चेन्नई सहाशे किलोमीटरवर आहे, म्हणून तेथे नोकरी मिळाली तर मुलगा घरी राहतो. भोरचा मुलगा शनिवारी घरी येऊ शकतो, म्हणून तो सोमवारी पुण्याला परत जातो आणि पुढे पुण्याचाच होतो.

मग भोरमध्ये असे कार्यालय चालेल काय? इमारत आणि संगणक ही यातील सोपी बाब. अखंड वीज हवी. इंटरनेटच्या दोन स्वतंत्र वाटा हव्यात, म्हणजे घाटात पावसाने एक तुटली तरी दुसरी चालू राहील. अनुभवी अभियंत्याच्या मुलांना शाळा आणि वृद्धांना दवाखाना हवा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, मालकाने स्वतः तेथे राहावयास हवे. मातलमपारैचे कार्यालय सवलतीच्या जागेमुळे टिकले नाही. वरिष्ठ माणसे तेथे राहू लागली, म्हणून कनिष्ठांना तेथे शिकता आले. भोर-वेल्ह्यातून पुण्यात जाऊन ज्यांनी धंदा वाढविला आहे, त्यांनी या मुद्द्याचा विचार करण्यासारखा आहे. पाच-सात मुलांना जमाखर्च आणि संगणक शिकवून पेढीचे मागचे काम गावात आणणे हे कोट्यवधींचे काम नव्हे.

कुलूप दुसऱ्याच्या हाती

आता आव्हानांकडे वळू. २४ सप्टेंबर २०१८ रोजी झोहोचे वेबवरील नावच काही तास बंद पडले. कंपनीची यंत्रे चालू होती, माहिती सुरक्षित होती. परंतु ज्या संस्थेकडे त्या नावाची नोंदणी होती, तिने फसवणुकीच्या ईमेलसंबंधी काही तक्रारींवरून ते नाव स्थगित केले. जगभरातील लक्षावधी कार्यालयांना आपली वही उघडता येईना. दुकान शाबूत, माल शाबूत, पण रस्त्यावरची पाटी कोणी उतरविली आणि गिऱ्हाइकाला दुकान सापडेना, असा तो प्रकार होता. पुढे कंपनीने नोंदणी दुसरीकडे हलविली. एवढी मोठी कंपनीसुद्धा कोणाची तरी भाडेकरू असते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

दुसरे आव्हान मोठ्या प्रतिस्पर्ध्यांचे. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल कार्यालयाची सर्व साधने एकाच गाठोड्यात देतात. त्यांच्यापुढे टिकावयाचे तर स्वस्त असणे पुरत नाही. झोहोने येथे वेगळी वाट धरली. ग्राहकांच्या माहितीवर जाहिरातींचा धंदा करावयाचा नाही आणि सर्व्हर शक्यतो स्वतःचे ठेवावयाचे, हे धोरण तिने पाळले. भारतातही तिची स्वतःची माहिती-केंद्रे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेतही तिने २०२५ मध्ये स्वतःचे भाषा-प्रारूप आणले.

तिसरे आव्हान यशाचे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्था झोहोच्या प्रणालीवर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशीच्या आवाहनानंतर तिच्या 'अरट्टै' या संदेश-सेवेवर नवी नोंदणी तीन दिवसांत दिवसाला तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली, असे वेंबू यांनी सांगितले. त्या वेळी या सेवेतील लेखी संदेशांना दोन टोकांमधील संपूर्ण सांकेतिक सुरक्षा नव्हती, आणि त्याविषयी रास्त प्रश्न विचारले गेले. गिऱ्हाईक अभिमानाने एकदा दुकानात येते, दुसऱ्यांदा ते मालाची प्रत पाहूनच येते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

चौथा प्रश्न नकार देण्याचा. सेमीकंडक्टर निर्मितीची मोठी योजना कंपनीने आखली होती. मे २०२५ मध्ये, तंत्रज्ञानाविषयी पुरेशी खात्री पटत नाही असे सांगून, ती स्थगित केली. जाहीर झालेल्या बेतातून मागे येणे मानहानीचे वाटते, परंतु कर्जखाती पाहिलेला कोणीही सांगेल की, बुडालेल्या अनेक पेढ्या योग्य वेळी नकार न दिल्याने बुडाल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत वेंबू मुख्य कार्यकारी पदावरून दूर होऊन संशोधनाच्या कामात गेले आणि शैलेश कुमार डेव्ही यांनी कारभार हाती घेतला. धंदा ऐन भरात असताना गादी सोपविणे ही गोष्टही आपल्या घराण्यांनी नीट पाहावी अशी आहे.

आपली किल्ली

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेकडे आणि एक ग्राहकाकडे. भाड्याच्या वहीचीही दुसरी किल्ली आपल्याजवळ हवी, आणि ती म्हणजे आपल्या हिशेबाची प्रत. महिन्यातून एकदा सर्व नोंदी उतरवून घेऊन दुकानाबाहेर वेगळ्या जागी ठेवाव्यात. वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेवढ्या काळात सॉफ्टवेअर बदलले अथवा कंपनी विकली गेली, तरी जबाबदारी दुकानदाराचीच राहते. ज्यांचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला आहे, त्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते आणि हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावी लागते.

भाडे भरण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. आमची माहिती कोठे राहते? आम्ही सोडून गेलो तर ती आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल? भाडे थकले तर वाचण्यापुरती तरी वही उघडी राहील काय? लेखी उत्तर देणाऱ्याशी व्यवहार करावा. आणि पासवर्ड एकट्या मुलाला अथवा एकट्या हिशेबनिसाला ठाऊक असू नये. तो बंद पाकिटात घरच्या तिजोरीतही असावा.

वेल्ह्याच्या बाजूला डोंगराआडच्या गावांत मोबाइलची रेंज आजही येते आणि जाते. तेथील दुकानदार उधारी आधी हाताने चोपडीत टिपतो आणि रेंज आली की मोबाइलवर चढवितो. पुण्यात शिकलेल्या त्याच्या मुलाला हे दुहेरी काम जुनाट वाटते. २०१८ च्या त्या सप्टेंबरात मात्र ज्यांच्याकडे अशी चोपडी होती, त्यांचा धंदा एक तासही थांबला नाही. येत्या लक्ष्मीपूजनाला लाल वहीवर स्वस्तिक रेखताना तिच्यात वर्षाचा ताळेबंदही लिहून ठेवावा. पूजेची वही त्या दिवसापासून पुन्हा हिशेबाची होईल.