डेअरीतले दुधाचे पाइप न उघडता धुतात कसे?

दूध तापवलं की पातेल्याच्या तळाला थर धरतो. घरी तो तारेच्या घासणीने निघतो. पण डेअरीतल्या पाश्चरायझरमध्ये आणि लांबच लांब स्टीलच्या पाइपांमध्ये हात कसा घालणार? रोज सगळं खोलत बसलं तर दूध नासून जाईल.

यावरचा उपाय म्हणजे सीआयपी, अर्थात ‘क्लीनिंग इन प्लेस’. यंत्र जागच्या जागी ठेवायचं आणि दूध ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने धुण्याचं पाणी पळवायचं.

आधी साध्या पाण्याने उरलंसुरलं दूध काढतात. मग साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसचं, १ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात. त्याने स्निग्धांश आणि प्रथिनं सुटतात. क्षारांचा दगडासारखा थर, म्हणजे ‘मिल्कस्टोन’, मात्र सोड्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी नायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण. दोन्हींच्या मध्ये आणि शेवटी पुन्हा पाणी.

घासणीचं काम करतो तो वेग. पाइपमध्ये प्रवाह सेकंदाला साधारण दीड मीटर तरी लागतो.

खरी मेख आहे पाइपच्या बंद फाट्यांमध्ये. तिथे प्रवाह पोहोचत नाही, दूध साचतं आणि जंतू चिकट थर करून बसतात. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं दूध पुढे अशाच पाइपमधून पिशवीत गेलं, तर तापवून काय मिळवलं? म्हणून असे फाटे प्लांट उभारतानाच टाळावे लागतात.

आणि सोडा किंवा ॲसिड मागे राहिलं तर? शेवटच्या पाण्यातून वीज किती वाहते, हे सेन्सर मोजतो. रसायन उरलं असेल तर आकडा चढलेला दिसतो. मग पुन्हा पाणी.