हिरड्यांचा रोग आणि प्रकाशोपचार

सकाळीं दांत घासतांना हिरड्यांतून थोडें रक्त आलें, तर चूळ भरून तें विसरून जावें, आणि पुढें दांत हालूं लागले म्हणजे 'वय झालें' म्हणून स्वस्थ बसावें, अशी आपल्या पुष्कळ घरांतील रीत आहे. परंतु दांत हालणें हा निव्वळ वयाचा धर्म नव्हे. बहुधा तो हिरड्यांच्या जुन्या रोगाचा परिणाम असतो.

दांत व हिरडी यांच्या सांध्यांत जंतूंचा चिकट थर सांचतो. त्याचें कीटण बनतें. हिरडी दांतापासून सुटून मध्यें खांच पडते आणि आंतील हाड हळूहळू झिजतें. हें सारें फारसें न दुखतां चालतें, हाच त्यांतील खरा धोका होय. मधुमेह व तंबाखू यांच्या योगानें रोग बळावतो. मिश्रीही त्यांतच आली.

शस्त्रक्रियेवांचून करण्याचा मुख्य उपाय म्हणजे दंतवैद्याकडून मुळांवरील कीटण खरवडून काढविणें. त्याला जोड म्हणून अलीकडे प्रकाशोपचार सुचविण्यांत येतो. पालघरकडील, विशेषतः बोईसर-तारापूरच्या मंडळींना किरणांचें नांव काढतांच १९६९ सालीं तेथें सुरू झालेलें अणुवीजकेंद्र आठवल्यास नवल नाहीं. परंतु हे किरण अणूचे नव्हेत, क्ष-किरणही नव्हेत. तो बहुधा तांबडा प्रकाश असतो. त्याचा सोबती मात्र तारापूरच्या कारखान्यांना परिचित आहे, तो म्हणजे रंग! १८७६ सालीं जर्मनींत तयार झालेला मेथिलीन ब्ल्यू हा मूळचा कापडाचा रंग यासाठीं वापरतात.

रंगानें माखलेले सूक्ष्म जीव अंधारांत जगतात, पण उजेडांत मरतात, असें म्युनिक येथील ऑस्कर राब या विद्यार्थ्यास आढळलें व १९०० सालीं तें प्रसिद्ध झालें. तेंच तत्त्व येथें आहे. खांचेंत रंग सोडून त्यावर प्रकाश टाकला म्हणजे प्राणवायु तीव्र रूप धारण करून जंतूंचा नाश करतो.

युक्ति सुरेख खरी; तथापि युरोपांतील हिरडीतज्ज्ञांच्या संघानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत ही जोड वापरूं नये असेंच सुचविलें आहे, कारण तिचा अधिक लाभ पुराव्यानें पुरेसा ठरलेला नाहीं. म्हणून कोणीं हा उपचार सुचविल्यास, 'माझ्या बाबतींत यानें अधिक काय साधेल?' असें निःसंकोच विचारावें.

तिन्हीसांजेला आधीं केर काढून मगच आपण दिवा लावतों. दांतांच्या बाबतींतही क्रम तोच. रोज दोन वेळां नीट दांत घासणें आणि वेळेवर कीटण काढविणें ही झाडलोट चुकली, तर नुसत्या दिव्यानें घर स्वच्छ होत नाहीं.