पदवी शाश्वततेची, मार्गदर्शक कोण?

गेल्या वीस वर्षांत भारतातल्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘पर्यावरण अभ्यास’ नावाचा एक सक्तीचा विषय शिकलेला असतो. तो कुठून आला, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, तो एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर. मेहता वकील. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. भरुचा मूळचे शल्यविशारद. देशभरातल्या तरुणांना पर्यावरण शिकवणारा हा विषय असा एका वकिलाच्या खटपटीतून आणि एका सर्जनच्या लेखणीतून उभा राहिला.

हा योगायोग असावा असे वाटेल, पण इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला की चित्र वेगळे दिसते. ‘टिकेल इतकेच वापरा’ या अर्थाचा जर्मन शब्द ग्रंथात प्रथम ठळकपणे आला तो १७१३ साली. लेखक हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ हे सॅक्सनीतल्या खाणखात्याचे अधिकारी होते. चांदीच्या खाणींना आधारासाठी आणि भट्ट्यांना जळणासाठी लाकूड लागे. जंगल संपत आले तेव्हा खाण बंद पडण्याची भीती उभी राहिली, आणि जितके वाढते तितकेच तोडावे हा हिशेब त्यांनी मांडला. १९८७ च्या ज्या अहवालामुळे ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रुळला, त्या आयोगाच्या अध्यक्ष नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड. राजकारणात येण्यापूर्वी त्या डॉक्टर होत्या, सार्वजनिक आरोग्याचे काम करत होत्या. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि कामाने नगररचनाकार.

शाश्वततेचा विचार एका विद्याशाखेत जन्मला आणि मग बाहेर पसरला, असे झालेले नाही. कुठल्यातरी व्यवसायात काम करताना काहीतरी अडले, पुरेनासे झाले, आजार पसरला, तेव्हा तो जन्मला. म्हणून या विषयाची पदवी द्यायची असेल तर ती कोणाच्या मार्गदर्शनाखाली, हा प्रश्न मला अभ्यासक्रमातल्या प्रकरणांच्या यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेला अभियंता. निवृत्तीनंतर अशा अभ्यासक्रमांच्या सल्लागार बैठकांना बसण्याचा प्रसंग काही वेळा आला. तिथे जे दिसले आणि जे वाचले, त्यावर हा लेख आधारलेला आहे.

वाळवंटातले एक उदाहरण

अमेरिकेत शाश्वतता या विषयाला वाहिलेले पहिले स्वतंत्र विद्यालय अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाने २००६ साली काढले. जागा लक्षात घेण्यासारखी आहे. फिनिक्स हे वाळवंटातले महानगर, आणि त्याच्या पाण्याचा मोठा भाग शेकडो किलोमीटर लांबीच्या कालव्याने कोलोरॅडो नदीतून येतो. विद्यालय निघण्याआधी, २००४ मध्ये, त्याच विद्यापीठात राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीतून वाळवंटी शहराच्या पाणीविषयक निर्णयांचा अभ्यास करणारे एक केंद्र उभे राहिले होते. त्या केंद्राने भूगोलतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ, संगणकतज्ज्ञ यांच्याबरोबर शहरांचे पाणी प्रत्यक्ष सांभाळणारे अधिकारीही बसवले. लोकसंख्या वाढली, नदीचे पाणी घटले, शेतीचे पाणी शहराला वळवले तर काय होईल, हे दाखवणारे संगणकीय प्रारूप त्यातून तयार झाले.

यातला महत्त्वाचा भाग संगणकाचा नाही. पाणी अधिकाऱ्याला पन्नास वर्षांनंतरच्या हवामानाची सरासरी ऐकून फारसा उपयोग नसतो. पुढच्या टंचाईत कोणाचा नळ आधी बंद करायचा, आणि तो निर्णय लोकांपुढे कसा मांडायचा, हे त्याला ठरवायचे असते. संशोधकाचा प्रश्न आणि अधिकाऱ्याचा प्रश्न यांतले हे अंतर एकत्र बसल्याखेरीज दिसतच नाही.

एक प्रश्न, पाच टेबले

आता आपल्या घरचा प्रश्न घेऊ. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर त्याच उजनीचे पाणी पिते. पदवीच्या वर्गात हा प्रश्न ठेवला तर वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे तो कसा पाहतील?

अभियंता म्हणून मी आधी शुद्धीकरण प्रकल्प पाहीन. तिथे हवा मिसळून जिवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची जी पद्धत सर्रास वापरली जाते, तिच्यात प्रकल्पाची निम्म्याच्या आसपास वीज एकट्या हवा मिसळण्यावर खर्च होते. शिवाय जुन्या धाटणीचे प्रकल्प सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेले असतात. पाण्यातले नत्र आणि स्फुरद काढायला वेगळी सोय लागते, आणि जलाशयावर हिरवा तवंग आणि जलपर्णी पोसली जाते ती याच दोघांवर. म्हणजे ‘प्रक्रिया केलेले पाणी’ हे शब्द खरे असूनही धरण हिरवे होऊ शकते.

लेखापाल विचारेल, प्रकल्प बांधायला केंद्राचे आणि राज्याचे अनुदान मिळते, पण दर महिन्याचे वीजबिल कोणाच्या खिशातून जाते? ते नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून जाते. म्हणून उद्‌घाटन झालेला प्रकल्प आणि चालणारा प्रकल्प यांत फरक पडतो. वकील १९७४ चा जलप्रदूषण कायदा पुढे ठेवेल, आणि ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्वीकारल्याचे सांगेल. मग तोच विचारेल की इथे प्रदूषण करणारा कोण, पालिका की प्रत्येक घर? डॉक्टरला नदीकाठच्या गावांतली जुलाबाची नोंदवही हवी असेल, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात कशी भरली जाते हेही त्याला ठाऊक असेल.

पाचव्या टेबलावर शेतकरी आहे, आणि त्याचे म्हणणे या सगळ्यांना छेद देणारे आहे. पुण्याचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याहून उपसून कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडकडच्या शेतीला मिळते. ज्याला आपण सांडपाणी म्हणतो ते त्याच्या दृष्टीने हक्काचे सिंचन आहे. ते पाणी जास्त शुद्ध झाले तर त्याला आनंद होईल, पण शहराने तेच शुद्ध पाणी बागांना आणि कारखान्यांना वळवले तर त्याचे पीक जाईल. ही गोष्ट पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात एका वाक्यात ‘पुनर्वापर’ म्हणून संपते.

विद्यार्थ्याने यातली पाचही शास्त्रे शिकावीत, हा आग्रह वेडेपणाचा ठरेल. पण पाच जणांचे ऐकून एका पानावर ‘काय केले तर कोणाला किती भार पडेल’ हे मांडता येणे, हेच या पदवीचे कौशल्य आहे. ते कौशल्य असणारी माणसे विद्यापीठाच्या आत क्वचित असतात, कारण आत प्रत्येक विभागाचे दार वेगळे असते.

दार उघडले आहे, पण कितपत?

नियमांनी हे दार आता बरेच किलकिले केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला, औपचारिक पदवीची सक्ती न करता, प्राध्यापक म्हणून घेता येते. अशांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये आणि एका संस्थेत मुदत सहसा तीन वर्षांपेक्षा अधिक असू नये, अशी अट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प हाही श्रेयांकांचा भाग झाला आहे.

मुंबईच्या आयआयटीतले ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र, ‘सितारा’, १९८५ पासून याच वाटेने चालत आले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून तिथला प्रश्न समजून घ्यावा लागतो. नळयोजना कागदावर पूर्ण असून बायका विहिरीवर का जातात, हे नकाशावरून कळत नाही.

तरीही सल्लागार मंडळ असणे आणि त्याचा सल्ला चालणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मी बसलो त्या एका बैठकीत अभ्यासक्रम आधीच छापून तयार होता. आम्ही चहा घेतला, ‘उद्योगाला कशी मुले हवीत’ यावर दोन-दोन मिनिटे बोललो, आणि इतिवृत्तावर सह्या केल्या. माहितीपत्रकात आमची छायाचित्रे मात्र ठळक आली. पालक ते पाहून शुल्क भरतात, म्हणून ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

मागणी कशाची आहे?

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक झाले. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगारांची स्थिती काय, हे त्यात भरायचे. त्यामुळे असे अहवाल लिहू शकणाऱ्या पदवीधरांना नोकऱ्या मिळू लागल्या, आणि ते चांगलेच आहे. पण मंडळावर केवळ कंपन्यांचे अधिकारी आणि सल्लागार बसले, तर पदवी हळूहळू अहवाल भरण्याचा वर्ग होऊन बसते. त्यात कोणाची लबाडी असावी लागत नाही. माणूस आपल्या टेबलावरचेच काम महत्त्वाचे मानतो, इतकेच.

यावर उपाय म्हणजे टेबले वाढवणे, आणि ती नेमकी कोणाची वाढवायची हे पुण्याने दाखवून दिले आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. त्यातून १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिचीच पुढची पायरी म्हणजे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी घरोघरच्या कचरा संकलनाचा करार केला. शिकवायला गेलेले विद्यापीठच इथे शिकून आले. शहराचा कचरा कोण उचलते, कोण निवडते आणि त्यातले काय पुन्हा वापरात जाते, याचा जिवंत हिशेब त्या बायकांकडे होता.

आजही एखाद्या चकचकीत वेष्टनावर पुनर्वापराचे चिन्ह असते, आणि कचरावेचक ताई ते हातात घेऊन सांगते, “याला भंगारवाला विचारत नाही.” अनेक थरांचे ते प्लास्टिक वेगळे करणे परवडत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. कंपनीच्या अहवालातला आकडा आणि भंगाराच्या दुकानातला भाव शेजारी ठेवून पाहायला शिकलेला विद्यार्थी अहवालही अधिक चांगला लिहील.

तसेच हिवरे बाजारचे. साधारण चारशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातले हे गाव दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची ते ठरवते. तिथे सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे. हे काम उभे करणारे पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर. जमाखर्चाची भाषा पाण्याला लावणे, ही कल्पना वर्गात शिकवायची तर ती ग्रामसभेत बसलेल्या माणसाने शिकवावी.

मार्गदर्शन खरे ठरावे म्हणून

असे मंडळ नेमणाऱ्या विद्यापीठांकडून मला चार साध्या अपेक्षा आहेत. पहिली, मंडळाला वर्षातून काही प्रकल्पांचे प्रश्न ठरवण्याचा आणि त्यांचे गुण देण्यात भाग घेण्याचा अधिकार असावा. जिथे गुण नाहीत तिथे विद्यार्थ्याचे लक्ष नसते. सक्तीच्या पर्यावरण विषयातले प्रकल्प कसे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दुसरी, सदस्याचे कोणत्या कंपनीशी वा कंत्राटाशी आर्थिक नाते आहे ते जाहीर असावे. त्याने सदस्य अपात्र ठरत नाही, त्याचे बोलणे कुठून येते एवढे ऐकणाऱ्याला कळते. तिसरी, सर्वांना मानधन सारखे असावे. मोठ्या अधिकाऱ्याची सकाळ पगारी असते, कचरावेचक ताईची किंवा मच्छीमाराची त्या दिवशीची कमाई बुडते. चौथी, इतिवृत्त विद्यार्थ्यांना वाचायला मिळावे. मतभेद कुठे झाले, हाच त्यातला सर्वांत उपयोगी धडा असतो.

प्राध्यापकांचे स्थान यात कमी होत नाही. अनुभव नेहमीच खरा असतो असे नाही. ‘आम्ही तीस वर्षे असेच करतो’ हे वाक्य मी माझ्या खात्यात फार वेळा ऐकले आहे, आणि ते तपासायला मोजमाप, संख्याशास्त्र आणि इतर ठिकाणचे दाखले लागतात. ते काम प्राध्यापकाचेच. प्रश्न बाहेरून यावा आणि तपासण्याची शिस्त आतून यावी, अशी ही वाटणी आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत या पदवीधरांपैकी कोणीतरी एखाद्या नगरपालिकेत, बँकेत किंवा कारखान्यात बसून एखाद्या शुद्धीकरण प्रकल्पाच्या फायलीवर टिपण लिहील. त्या टिपणात विजेचे बिल, खालच्या गावची नोंदवही आणि कालव्यावरचा शेतकरी असेल की नाही, हे आज या मंडळांच्या टेबलाभोवती कोण बसले आहे त्यावर ठरते. आपल्या घरातले मूल अशा अभ्यासक्रमाला जाणार असेल, तर माहितीपत्रकातली छायाचित्रे पाहून थांबू नका. ही माणसे वर्षातून किती वेळा वर्गात येतात आणि गेल्या वर्षी त्यांनी कोणता प्रश्न दिला, एवढे दोन प्रश्न प्रवेशाच्या वेळी जरूर विचारा.