पाऊस पडला, पण वाफसा कुठाय?

जूनमध्ये एक जोराची सर आली की शहरात बोललं जातं, ‘चला, पेरण्या सुरू!’ शेतकरी मात्र रानात जाऊन मूठभर माती उचलतो. दाबल्यावर ती चिखलासारखी हाताला चिकटली, तर तिफण घरीच. गोळा झाला आणि बोटाने दाबताच फुटला, तर वाफसा आला. अशा मातीत ओलीबरोबर हवाही खेळती असते. उगवणाऱ्या बीला दोन्ही लागतं. शिवाय ओल खोल गेलेली हवी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो ते त्यासाठीच. ओल वरवरची असली आणि पावसाने उघडीप दिली, की दुबार पेरणी ठरलेली.

बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं, असंही अनेकांना वाटतं. संकरित कपाशीबाबत ते खरं आहे. तिची सरकी पुढच्या हंगामात पेरली तर पीक एकसारखं येत नाही. सोयाबीनचे वाण मात्र सरळ असतात. त्यामुळे नीट राखलेलं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. फक्त उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभर पाणी शिंपडायचं. उलगडल्यावर निदान 70 दाण्यांना धड कोंब दिसले, की बी पेरायला योग्य. सोयाबीनचं साल इतकं पातळ, की पोतं आपटलं तरी उगवण घटते.

सगळ्यात मोठा घोळ हमीभावाचा. नावात हमी आहे म्हणून ती सगळ्यांना मिळते, हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं तो 22 पिकांना. उसाची एफआरपी वेगळी. कांदा आणि टोमॅटो या यादीत नाहीतच. यादीतल्या पिकालाही तो भाव हक्काने मिळतो तो सरकारी खरेदी केंद्रावर, आणि तिथेही माल निकषात बसला तर. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. खुल्या बाजारात दर त्याच्या बरेच खाली होते. केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की पोती परत. नोव्हेंबरमध्ये, ऐन विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली गेली. तोवर अनेकांनी मिळेल त्या भावाने माल देऊन टाकला होता.

भाकड गाय म्हणजे फुकट खाणारी, हाही गोठ्याबाहेरचाच हिशेब. गाभण गाय विण्याआधी साधारण दोन महिने मुद्दाम आटवतात. या काळात कास पुढच्या वेतासाठी तयार होते आणि पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं. शेवटपर्यंत धार काढत राहिलं, तर पुढच्या वेतात दूध घटतं. खरं नुकसान करते ती गाभण न राहिलेली गाय. माज ओळखायचा राहून गेला, तर पुढची संधी साधारण 21 दिवसांनी. तेवढ्या दिवसांचा चारा आणि पेंड मालकाच्या अंगावर.