इटलीतल्या शेतावर आठ दिवस : खोल्या बांधायला काढण्याआधी वाचा

आजचा संदेश बाजारभावाचा नाही आणि फवारणीचाही नाही. जरा लांब आहे, रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. इटलीतलं शेत, जुनं दगडी घर, सरूच्या झाडांची रांग, समोर निळाशार स्विमिंग पूल आणि एका रात्रीचं भाडं ऐकून डोळे पांढरे व्हायची पाळी. त्यानंतर चार-पाच सभासदांनी ऑफिसात विचारलं, "आपणही वावरात चार खोल्या टाकाव्यात का? कर्ज मिळेल का?" एकाने तर पूलचं कोटेशनच आणलं. म्हणून म्हटलं, आधी ते व्हिडिओतलं घर पाहुणा होऊन आतून बघून येऊ. व्हिडिओत पूल दिसतो, तो कशाच्या जिवावर उभा आहे ते दिसत नाही.

इटलीत अशा शेताला 'अग्रितुरिझ्मो' म्हणतात. देशभरात असे साधारण २५ हजार शेतकरी आहेत, आणि सगळ्यात जास्त टस्कनी या प्रदेशात. समजा, तुम्ही दोघं नवरा-बायको सप्टेंबरात तिथे निघालात. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्ये कियान्ती नावाचा डोंगराळ भाग आहे, सगळा द्राक्षाचा आणि ऑलिव्हचा. तिथलं एक शेत तुम्ही निवडलं.

पहिली अडचण बुकिंगलाच येते. हंगामात बऱ्याच ठिकाणी एक-दोन रात्रींसाठी घर देत नाहीत. शनिवारी यायचं, पुढच्या शनिवारी जायचं, मोजून आठ दिवस. आपल्याला वाटतं हा काय आडमुठेपणा! पण मालकाच्या बाजूने बघा. चादरी धुणं, घर झाडणं, जुने पाहुणे काढणं, नवे बसवणं, ही सगळी धावपळ आठवड्यातून एकाच दिवशी. उरलेले सहा दिवस घरची माणसं बागेत कामाला मोकळी. रोज पाहुणा बदलला तर बागेत कोण जाणार?

दुसरी गोष्ट रस्त्याची. एसटीसारखी बस गावापर्यंत जाते, पुढे शेतापर्यंत स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागते. भाड्याची गाडी चालवायची तर आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. डांबरी सोडली की पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता. हा रस्ता डांबरी का केला नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, उलट तो बघायलाच लोक येतात. (आपल्या पाणंद रस्त्यांचं असं कौतुक कोणी करेल असं मात्र मला वाटत नाही. पावसाळ्यात आपली काळी माती ट्रॅक्टरलासुद्धा सोडत नाही.)

दुपारनंतर पोहोचायचं. मालक ट्रॅक्टरवरून उतरून हात पुसत येईल. आधी पासपोर्ट मागेल. कोण राहायला आलं ते २४ तासांच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवणं त्याला बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत माणशी, रात्रीमागे थोडा पर्यटन कर असतो, तो वेगळा. कुठे शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, कुठे थंडीत खोली गरम करण्याचे वेगळे. हे आधी वाचून घ्यावं, नाहीतर निघताना तोंड कडू होतं.

आता घर. दोन मजली, हातभर जाडीच्या दगडी भिंती, छोट्या खिडक्या. तुम्ही ज्या खोलीत झोपणार, तिथे एकेकाळी बैल बांधलेले असायचे. खाली गोठा, वर माणसं, आणि थंडीत जनावरांची ऊब वर यायची, अशी त्या घरांची रचना होती. काही ठिकाणी गव्हाण तशीच ठेवली आहे, तिच्यावर आता पाहुण्यांच्या बॅगा ठेवतात. उन्हाळ्यात एसी नसला तरी भिंतींमुळे घर बऱ्यापैकी थंड राहतं. भिंतीच्या फटीत कधी बारीक काळा विंचू दिसतो. आपल्या लाल विंचवासारखा तो जीवघेणा नाही, पण शहरातला पाहुणा किंचाळतोच.

ही घरं रिकामी कशी झाली, ते समजलं तर पुढचं सगळं समजेल. टस्कनीत शेकडो वर्षं जमीन अर्धलीने कसली जायची, आपल्याकडे काही भागात बटई म्हणतात तशी. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाच्या सगळ्या कुटुंबाने, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात कारखाने निघाले आणि तरुण पोरं भराभर गाव सोडून गेली. १९६४ साली कायदा झाला आणि असे नवे करार करायलाच बंदी आली. डोंगरावरची घरंच्या घरं कुलूप लावून पडली, कौलं फुटली, गोठ्यात काटेरी झुडपं वाढली. मागे राहिलेल्या शेतकऱ्याकडे जमीन होती, पण एवढ्या घरांची डागडुजी परवडत नव्हती.

याच काळात, १९६५ साली, तिथल्या शेतकऱ्यांनी 'अग्रितुरिस्त' नावाची संघटना काढली. कल्पना साधी होती. शहरातलं कुटुंब रिकाम्या घरात येऊन राहील, त्या पैशातून छप्पर दुरुस्त होईल, आणि शेतकरी शेतीतच टिकेल. पुढे १९८५ साली यावर देशपातळीवर कायदा झाला. आज लागू आहे तो २००६ चा.

*या कायद्याकडे नीट लक्ष द्या, खरी गोम इथे आहे.*

हा व्यवसाय फक्त शेतकऱ्यालाच करता येतो. त्यातही शेती मोठी आणि पाहुणचार छोटा राहिला पाहिजे. मोठी-छोटी ठरवायची कशावरून? उत्पन्नावरून असं आपण म्हणू, पण तो कायदा मुख्यतः कामाचा वेळ बघतो. एका हेक्टर द्राक्षाला वर्षाला किती काम लागतं, ऑलिव्हला किती, गायीमागे किती, याचे हिशेब प्रत्येक प्रदेशाने ठरवले आहेत. तसाच हिशेब पाहुण्यांच्या खाटांचा आणि जेवणाच्या ताटांचा. दोन्ही तराजूत घालायचे. शेतीचं पारडं जड असेल तेवढ्याच खाटा मिळतात. छोट्यांना सवलत अशी की राहायला-जेवायला दहापर्यंतच पाहुणे असतील, तर शेतीच मुख्य आहे असं धरून चालतात.

म्हणजे द्राक्षबाग मोडून दहा खोल्या वाढवल्या, असं तिथे चालत नाही. बाग मोडली की खाटांचा हक्कही कमी होतो.

पुढची अट इमारतीची. पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून असलेल्या इमारतीच वापरायच्या हा त्या कायद्याचा मूळ नियम. जुनं घर, गोठा, धान्याचं कोठार, तंबाखू वाळवायची शेड, जे असेल ते. त्यामुळे मोकळ्या रानात सिमेंटची कॉटेजं उठली नाहीत. आणि जेवण द्यायचं तर त्यातला मोठा वाटा आपल्या शेतातला, उरलेला मुख्यतः त्याच भागातला. बाजारातून पनीर आणि फ्रोजन वाटाणा आणून ताट वाढायची सोय नाही. एवढं पाळलं तरच 'अग्रितुरिझ्मो' ही पाटी लावता येते. नाव कायद्यानेच राखून ठेवलं आहे, कुणीही उठून लावू शकत नाही.

या बदल्यात सरकार करात सूट देतं. कंपनी नसलेल्या शेतकऱ्याच्या पाहुणचाराच्या उत्पन्नातले फक्त २५ टक्के नफा धरून त्यावर आयकर लावायची सोय १९९१ पासून आहे. पाट्यांवर सूर्यफुलं दिसतील, एक ते पाच. ती हॉटेलच्या स्टारसारखी प्रतवारी, २०१३ पासूनची.

चला, जेवायला बसू. रोज जेवण मिळेलच असं नाही. बहुतेक घरांना स्वतःचं स्वयंपाकघर असतं आणि पाहुणे आपलं आपण शिजवतात. आठवड्यातून ठरलेल्या एक-दोन रात्री मालकीण सगळ्यांना एका लांब टेबलावर जेवू घालते, सकाळी सांगून ठेवावं लागतं. ताटात काय? बिनमिठाचा पाव. हो, टस्कनीच्या पावात मीठ घालतच नाहीत, पहिला घास घशाखाली उतरत नाही. मग 'रिबोल्लीता', म्हणजे शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर पालेभाजी एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं दाट सूप. कुळाच्या घरातलं हे गरिबीचं जेवण. आपल्याकडे फोडणीची पोळी पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटते. तिथे शिळ्या पावासाठी लोक परदेशातून येतात, पण वरून जी तेलाची धार पडते ती समोरच्या झाडाची असते, म्हणून.

त्या तेलाचा हिशेब ऐका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडाखाली जाळी पसरून ऑलिव्ह झोडतात आणि शक्य तितक्या लवकर घाण्यावर नेतात, उशीर झाला की तेलाची प्रत उतरते. १०० किलो फळातून साधारण १० ते २० किलो तेल. व्यापाऱ्याला ठोक विकलं तर तो म्हणेल तो भाव. पण आठ दिवस तेच तेल खाऊन, घाणा बघून, मालकाच्या पोरांशी खेळून जो पाहुणा निघतो, तो गाडीत पाच लिटरचा पत्र्याचा डबा टाकून जातो. वाइनच्या पेट्याही नेतो. पुढच्या वर्षी आला नाही तरी डबा मागवतो. माझं मत विचाराल तर तिथे खरी कमाई ही आहे. भाडं एका आठवड्याचं असतं, तेलाचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकू शकतं.

सगळं गोड आहे असं समजू नका. पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला की पाहुणे कुरकुरतात. फवारणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून घ्या म्हणून दारोदार सांगावं लागतं. रानडुकरं तिथेही बागेत घुसतात, मग विजेची तार ओढा आणि पाहुण्यांच्या लेकरांना सांभाळा. हंगाम साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत, थंडीत बरीच घरं रिकामी, कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. बुकिंगच्या वेबसाइट कमिशन कापून घेतात. आणि चादरी, नाश्ता, हसतमुख चेहरा हे काम बहुतेक घरातल्या बायकांच्याच अंगावर पडतं. आपल्या भगिनी सभासदांनी हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवावं. कियान्तीत आणखी एक झालं. इंग्रज, जर्मन अशा बाहेरच्यांनी घरं विकत घेतली आणि घर-जमिनीचे भाव असे चढले की गावच्या पोराला तिथे घर घेणं अवघड.

आपल्या कंपनीसारखं उदाहरण हवं असेल तर ते टस्कनीत नाही, उत्तरेला आल्प्सच्या डोंगरात आहे. दक्षिण टिरोल हा जर्मन बोलणाऱ्या दूध आणि सफरचंदवाल्यांचा जिल्हा. जमीन थोडी, उतार इतके की गवत कापतानाही तोल सांभाळावा लागतो. तिथल्या शेतकरी संघाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'लाल कोंबडा' नावाचं एकच चिन्ह काढलं. आज दीड हजारांहून जास्त शेतं त्याखाली आहेत. जाहिरात आणि बुकिंग संघ बघतो, निकषही संघच ठरवतो. सूर्यफुलांऐवजी त्यांची प्रतवारी साध्या फुलांची. त्याच कोंबड्याखाली जॅम, रस, चीजही विकलं जातं. एकट्या शेतकऱ्याला वेबसाइट, फोटो, परदेशी भाषेतली पत्रं जमत नाहीत. हजार जणांनी मिळून ती जमवली.

आता आपलं. महाराष्ट्र शासनाचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. त्याच्या अटी, कागदपत्रं आणि बँकेची माहिती पुढच्या संदेशात देऊ.

तोपर्यंत ज्यांच्या मनात खोल्या आहेत त्यांनी एका कागदावर एवढं लिहून काढावं : शेतावर आज उभी असलेली कोणती इमारत वापरता येईल (जुना वाडा, रिकामा गोठा, बेदाण्याची शेड काहीही), पाहुणे असताना आणि बागेचं काम ऐन भरात असताना घरातलं कोण कुठे असेल, आणि पाहुणा जाताना तुमच्या शेतातलं काय विकत नेईल. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर रकाना कोराच ठेवा, उगाच भरू नका.

कागद घेऊन येत्या शनिवारी सकाळी १० ते १ मध्ये ऑफिसात या. ज्यांनी पूलचं कोटेशन घेतलंय त्यांनी तेही आणा, पण ठेकेदाराला इसार द्यायचा शनिवारपर्यंत थांबवा.