दीर्घिकासमूहांचं चुंबकत्व टिपणारं खोडद

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला शेतांच्या कडेनं ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही ‘जीएमआरटी’ (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. जवळ गेलं की कळतं, तबकडी भरीव पत्र्याची नाही. ताणलेल्या तारांवर बसवलेली स्टीलची बारीक जाळी आहे. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. लांब रेडिओ लहरींना मात्र ती जाळी लख्ख आरशासारखीच.

या जाळीनं दीर्घिकासमूहांबद्दल फार मोलाची माहिती मिळवली आहे. शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधल्या गेल्या की समूह होतो. पण त्यातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या वायूत असतं. त्याचं तापमान एक ते दहा कोटी अंश! विरळही तितकाच: घनमीटरमध्ये जेमतेम हजारभर कण. तो क्ष-किरणांत तळपतो आणि ते किरण वातावरण अडवतं, म्हणून त्याला पाहायला उपग्रहच लागतात.

याच वायूत चुंबकीय क्षेत्रही असतं, पृथ्वीच्या क्षेत्राहून लाखभर पटींनी क्षीण. ते थेट दिसत नाही. पण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन त्यात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. इलेक्ट्रॉन थकत गेले की फक्त कमी वारंवारतेच्या लहरी उरतात. नेमक्या त्याच खोडदला चांगल्या टिपता येतात.

‘एबेल ३३७६’ हा समूह घ्या. समूहांच्या टकरीतून उठलेल्या धक्कालहरींनी त्याच्या दोन्ही कडांना रेडिओ कमानी उमटवल्या आहेत. सुमारे ६० लाख प्रकाशवर्षांचा हा पसारा पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतले जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. पुढे २०१२ मध्ये रुता काळे आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटी व अमेरिकेतल्या ‘व्हीएलए’ या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून या कमानी बारकाईनं तपासल्या. २०२० मध्ये तर ऑफियुकस समूहातल्या कृष्णविवरानं तप्त वायूत पाडलेलं महाकाय भगदाड जगासमोर आलं. त्या शोधातही जीएमआरटीच्या नोंदी होत्या.

समूहांकडून येणारे हे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की आसपासचा मोबाइलसुद्धा त्यांना बुडवतो. म्हणून खोडदची रेडिओ शांतता जपायलाच हवी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथं प्रदर्शन भरतं. पुण्याची फेरी त्या सुमारास आखावी, मुलांना आवर्जून न्यावं आणि आवारात फोन बंद ठेवावा.