दोन समुद्रांचा तालुका

नाशिकहून सापुताऱ्याकडे जाणारी उत्तरेची वाट धरली, म्हणजे सुमारे 25 किलोमीटरांवर दिंडोरी लागते. हिला गाव म्हणावे, तर कचेऱ्या, बाजार आणि मोटारींची वर्दळ आडवी येते. शहर म्हणावे, तर चार पावलांवर द्राक्षांचे मांडव सुरू होतात. कायद्याने हा पेच आपल्यापुरता सोडविला आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 'नगरपंचायत' ही संस्था योजिली, ती खेडेपण सोडून नागरी रूप धारण करू लागलेल्या वस्तीसाठीच. 2014 साली राज्य सरकारने तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायतींच्या जागी नगरपंचायती आणण्याचे ठरविले आणि त्या ओघात दिंडोरीलाही ती मिळाली.

नकाशावरील गुजरातची सीमा येथून जरा दूर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांच्या पलीकडे आहे. परंतु मला ज्या सीमेविषयी सांगावयाचे आहे, ती दिंडोरी तालुक्याच्या आतूनच गेलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबेगावाजवळ दमणगंगा उगम पावते, आणि सुमारे 131 किलोमीटर वाहत जाऊन दमण येथे अरबी समुद्रास मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी कादवा मात्र पूर्वेकडे तोंड करते, नांदूर-मधमेश्वराजवळ गोदावरीत शिरते आणि तिच्यासवे बंगालच्या उपसागराला जाते. जयपूर-अजमेरकडे राहणाऱ्या श्रोत्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. अरवलीच्या एका अंगाचे पाणी लुणीतून कच्छच्या रणाकडे वळते, दुसऱ्या अंगाचे बनास आणि चंबळ यांमधून यमुनेस मिळते.

घाटमाथ्याची ही वाट जुनी आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखानाने अडविले ते याच टापूत, वणी-दिंडोरीजवळ, 17 ऑक्टोबर 1670 रोजी.

आता या पाणलोटाचा परिणाम पाहा. पेठेत वर्षाकाठी 2000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस निफाडला तो 500 च्या घरात येतो. द्राक्षवेलीला आभाळातले पाणी फारसे रुचत नाही. ओल्या हवेत डाऊनीचा रोग पानांवर आणि घडांवर धावून येतो. तिला हवे असते ते कोरडे आकाश आणि मुळाशी मोजून दिलेले पाणी. डोंगराचा पाऊस कादवा, कोळवण, उनंदा या नद्यांवरील धरणांत साठतो. एकट्या दिंडोरी तालुक्यात करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव अशी त्यांची माळच आहे. पाऊस एकाच्या शिवारात आणि द्राक्षे दुसऱ्याच्या, असा हा हिशेब आहे.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलात खरड छाटणी. तिच्यामुळे नव्या काड्या येतात. पावसाळा सरता सरता, साधारण ऑक्टोबरात, गोडी बहाराची छाटणी. तिच्यावर फळ धरते. वाईनची द्राक्षे बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. खाण्याच्या द्राक्षांसारखी त्यांची विरळणी करून मणी फुगवीत बसावे लागत नाही. दिवसाचे ऊन साखर चढविते, हिवाळ्यातील रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखून वाईनला उत्पादनशुल्कात सूट दिली, तेव्हापासून या भागात वाईनचे कारखाने वाढले. शांपेनच्या पद्धतीने फेसाळ वाईन करणारा एक फ्रेंच उद्योगही दिंडोरीत आला.

येथे थोडे विषयांतर करतो. मुंबई प्रांताचा 1949 चा दारूबंदीचा कायदा 1960 नंतर दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने परवान्यांच्या वाटेने तो सैल केला. गुजरातने बंदी चालविली. त्यामुळे दमणगंगा वाईनच्या तालुक्यात जन्मते, कोरड्या गुजरातेतून वाहते आणि जेथे दारूला मज्जाव नाही त्या दमणला जाऊन विसावते. नदीला याचे काही वाटत नसावे.

या बागा उभ्या आहेत त्या डोंगरातून उतरणाऱ्या माणसांच्या हातांवर. छाटणीचे दिवस आले की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे टोळ्या करून येतात, एकरी मजुरी ठरवितात आणि बागेच्या कडेला राहतात. ज्यांच्या माथ्यावर सर्वांत जास्त पाऊस पडतो, त्यांच्या विहिरी उन्हाळ्यात सर्वांत आधी आटतात. म्हणून तर यावे लागते. डिसेंबर 2022 मध्ये सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना यांच्या अभावी गुजरातेत सामील करून घ्या, अशी मागणी केली. तिचा फार गवगवा झाला. मला ती मागणी बंडाची वाटली नाही. ज्याच्याकडे आपला हिशेब राहिला आहे त्याला दिलेली ती आठवण होती.

बागाईतदाराचेही सारे सुखाचे नाही. 2009 च्या सुमारास मंदी आली, वाईन पिंपांत पडून राहिली, कारखान्यांनी माल घेणे आवरते घेतले आणि अनेकांनी वाईनच्या वेली उपटून खाण्याची द्राक्षे लाविली. त्या वेली उपटण्याची मजुरीही बहुधा डोंगराकडच्याच टोळ्यांना मिळाली असेल.

होळीला या टोळ्या घरी जातात, खरड छाटणीला पुष्कळशा पुन्हा येतात. मग मेघ दाटू लागले की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन त्या पाणलोट ओलांडतात आणि आपापल्या उतारावर नागली, वरई आणि भात यांची पेरणी करतात.